झाडपाल्याच्या गोळ्या आणि कष्टकऱ्याची प्रकृती

बदलापूर पूर्वेचे शिरगाव हे मुळातले गाव. आज ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. मुंबईत, पुढे ठाण्या-डोंबिवलीतही घर परवडेनासे झाले तेव्हा जो नोकरदार आणि कष्टकरी वर्ग रेल्वेच्या रुळांबरोबर मागे मागे सरकत गेला, त्याचीच ही वस्ती. पहाटेच्या लोकलने निघून रात्री परतणारा कारकून, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा कंत्राटी कामगार, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, निवृत्तीनंतर येथे येऊन राहिलेला गिरणीकामगार, अशा माणसांना चाळिशी-पन्नाशीत मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, थायरॉईड यांपैकी एखादे दुखणे जडलेले असते. सरकारी रुग्णालयाची रांग धरावी तर दिवसाचा खाडा होतो. खाजगी डॉक्टरकडे जावे तर तपासण्यांची यादी हाती पडते. अशा वेळी वाण्याच्या दुकानात, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या पत्रकावर, रस्त्याकडेच्या तंबूत किंवा ओळखीच्या बाईने घरी आणून दिलेल्या साखळी-विक्रीच्या बाटलीत एक सोपे उत्तर समोर येते. ‘संपूर्ण नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही’ असे त्याच्यावर छापलेले असते.

हे वाक्य खोटे आहे. ते का खोटे आहे, त्याने कोणाचे नुकसान होते आणि त्याबाबत पक्षकार्यकर्त्यांनी काय केले पाहिजे, याचा विचार व्हावयास हवा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वनौषधी निरुपयोगी आहेत, असे येथे म्हणावयाचे नाही. त्या उपयोगी आहेत, त्यांच्यात खरोखरच गुण आहे, आणि म्हणूनच त्या निर्धोक असू शकत नाहीत. शरीरावर ज्याचा परिणाम होतो, त्याचा अनिष्ट परिणामही होऊ शकतो; ज्याचा अनिष्ट परिणाम कधीच होत नाही, त्याचा बहुधा इष्ट परिणामही होत नसतो. हा नियम कारखान्यात बनलेल्या गोळीला लागू आहे, तसाच रानातल्या मुळीलाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा मुंबईतच आहे. शिरगावच्या माणसाला परळ परके नाही. दुखणे हाताबाहेर गेले की तो महापालिकेच्या केईएम रुग्णालयाची वाट धरतो. याच रुग्णालयातून डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवरील निरीक्षणांनिशी जगापुढे मांडले. भारतीय वैद्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक असलेली ही मुळी त्यानंतर जगभर गेली, तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य १९५२ साली वेगळे काढण्यात आले आणि रक्तदाबावरील आधुनिक उपचारांचा पाया घालण्यात तिने वाटा उचलला. पण याच द्रव्याने काही रुग्णांच्या मनावर खोल उदासीनता येते, हेही पुढे दिसून आले. मुळी भारतीय होती, नैसर्गिक होती, गुणकारी होती आणि तिला दुष्परिणामही होते. या चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

धोक्याचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. त्यात वनौषधी एकटी काही बिघडवीत नाही. ती दुसऱ्या औषधाचे काम बिघडवते. १९९२ साली केईएममधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या दृष्टीने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. फेनिटॉइनची गोळी घेऊन ज्यांची फेफऱ्याची व्याधी ताब्यात होती, अशा दोन रुग्णांना अनपेक्षितपणे पुन्हा झटके येऊ लागले. चौकशीअंती असे दिसले की ते शंखपुष्पीचे सरबत घेत होते. मग उंदरांवर प्रयोग करण्यात आले, तेव्हा शंखपुष्पी काही दिवस बरोबर दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण उतरते आणि त्याचा गुणही कमी होतो, असे आढळले. शंखपुष्पी हे काही विष नव्हे. स्मरणशक्ती वाढावी म्हणून परीक्षेच्या दिवसांत ती घरोघर मुलांना दिली जाते. पण फेफऱ्याची गोळी चालू असलेल्या मुलाला ती दिली आणि तो लोकलच्या दारात किंवा यंत्रापाशी कोसळला, तर दोष कोणाच्याच ध्यानात येणार नाही. घरचे म्हणतील, डॉक्टरची गोळी लागू पडत नाही.

याच रुग्णालयातून १९९४ साली गुग्गुळाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी स्वयंसेवकांना गुग्गुळाचा अर्क दिल्यावर प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयविकार व रक्तदाबावरील दोन औषधे रक्तात पुरेशा प्रमाणात उतरत नाहीत, असे त्यात दिसले. सांधेदुखीसाठी गुग्गुळ घेणारा आणि रक्तदाबाची गोळीही चालू असलेला माणूस प्रत्येक वस्तीत भेटतो. त्याचा रक्तदाब का उतरत नाही, याचे उत्तर कधी कधी त्याच्याच फडताळातल्या डबीत असते.

हे असे का घडते? पोटात गेलेले बहुतेक प्रत्येक औषध आतड्यातून रक्तात उतरते आणि पुढे यकृतात त्याचे विघटन होऊन ते शरीराबाहेर जाते. काही वनस्पती यकृतातील या यंत्रणेला वेग देतात. मग डॉक्टरने दिलेले औषध ठरल्या वेळेआधीच संपून जाते. युरोपात उदासीनतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती अशीच आहे. तिच्यामुळे एचआयव्हीची, गर्भनिरोधाची आणि रोपण केलेला अवयव टिकविण्याची औषधे निष्प्रभ होत असल्याचे २००० सालाच्या सुमारास दिसून आले. काही वनस्पती उलट ही यंत्रणा मंद करतात. मग नेहमीचीच मात्रा अंगावर येते. काळ्या मिरीतील पायपरीन हे द्रव्य असे आहे. त्याच्यामुळे औषध रक्तात अधिक उतरते, ही गोष्ट भारतीय शास्त्रज्ञांनीच दाखवून दिली आणि तिचा उपयोग करून क्षयावरील रिफॅम्पिसिनची कमी मात्रेची गोळीही २००९ साली बाजारात आली. म्हणजे शास्त्र हाती असले तर हाच परिणाम उपकारक ठरविता येतो. ते हाती नसले, तर तोच अपघात ठरतो.

रोजच्या व्यवहारातील काही गोष्टी कार्यकर्त्यांना माहीत असाव्यात म्हणून येथे नोंदविणे अवश्य आहे. ज्येष्ठमध घशाला आराम देतो. पण तो आठवडेच्या आठवडे आणि भरपूर घेतला, तर अंगात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. लघवी वाढविणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर हे जिवावर बेतू शकते. सोनामुखी आणि कोरफडीचा रेचक म्हणून रोज वापर केल्यासही पोटॅशियमची हीच घट होते. इसबगोल बद्धकोष्ठावर खरोखर गुणकारी आहे. मात्र तो इतर औषधांना आतड्यात अडवून धरतो, म्हणून गोळी आणि इसबगोल यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. कारले, मेथी, गुडमार यांच्या अर्काने साखर उतरू शकते. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालूच ठेवून त्याच्यावर हे अर्क घेतले आणि जेवण लांबले, तर साखर एकदम खाली येऊन माणूस भोवळ येऊन पडतो. पाळीवर असलेल्या कामगाराचे जेवण तर नेहमीच लांबते. अश्वगंधेने झोप येते, ताण हलका होतो, असे काही चाचण्यांत दिसले आहे. परंतु तिने थायरॉईडचे स्राव वाढू शकतात, झोपेच्या गोळ्यांची गुंगी अधिक होऊ शकते, आणि यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही नोंदलेली आहेत. गरोदरपणी तर ती टाळलीच पाहिजे. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली.

लसूण, आले, हळद यांच्याबाबत एक भेद मनाशी पक्का केला पाहिजे. आमटी-भाजीत पडणारी लसूण-हळद आणि कॅप्सूलमध्ये ठासून भरलेला त्यांचा अर्क या दोन वस्तू एक नव्हेत. लहानपणी संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाची झडप निकामी झाली आणि कृत्रिम झडप बसविल्यावर ज्यांना आयुष्यभर वॉरफरिन घ्यावे लागते, असे रुग्ण मुख्यतः गरीब वस्त्यांतलेच असतात. त्यांनी असे अर्क परस्पर घेतले, तर रक्तस्राव होण्याची भीती असते. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे हे अर्क थांबविण्याचा सल्ला भूलतज्ज्ञ देतात, तो याच कारणासाठी. हळदीच्या अर्कात मिरीचे सत्त्व मिसळून ‘अधिक प्रभावी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या घटना इटली आणि अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत.

गुळवेलीची हकीकत या साऱ्या प्रश्नाचे सार सांगते. केईएममध्येच डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरील त्यांची चाचणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला गुळवेल दिलेल्या रुग्णांना जंतुसंसर्गाचा त्रास कमी झाला, असे तीत दिसले. रुग्ण निवडलेले होते, मात्रा ठरलेली होती, तुलनेसाठी दुसरा गट होता आणि देखरेख रुग्णालयाची होती. वनौषधीचा आदर कसा करावा, याचा हा नमुना होय.

पुढे २०२० साली कोविडची साथ आली. प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाखाली गुळवेलीच्या गोळ्या, रस आणि काढे घरोघर पोहोचले. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आयुष उपचारपद्धतीतही गुळवेलीच्या घनवटीचा समावेश होता. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे कावीळ घेऊन आलेल्या ६ रुग्णांचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी असल्याचे आढळले, आणि २०२१ साली ते प्रसिद्ध झाले. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटावी, अशा स्वरूपाचा तो विकार होता. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले. वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, असा मुद्दा पुढे आला. २०२२ साली देशातील १३ केंद्रांमधून अशाच ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली.

गुळवेल घेणाऱ्या लक्षावधी लोकांच्या मानाने ही संख्या लहान आहे, हे खरे आहे. प्रत्येक गुळवेल घेणाऱ्याला कावीळ होते, असे कोणीही म्हटलेले नाही. प्रश्न असा आहे की, ज्यांना आधीच प्रतिकारयंत्रणेचा विकार किंवा यकृताचे दुखणे आहे, त्यांनी ती घेऊ नये, एवढी साधी सूचना बाटलीवर का असू नये? रुग्णालयात मोजूनमापून दिलेल्या वनस्पतीने काही रुग्णांना तारले, आणि बाजाराने सरसकट वाटलेल्या त्याच वनस्पतीने काहींना कावीळ दिली. यात दोष गुळवेलीचा नसून विक्रीच्या रीतीचा आहे.

या विक्रीचे अर्थकारणही पाहिले पाहिजे. शिरगावपासून दूर नसलेल्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी रानातून गुळवेल गोळा करून मोठ्या कंपन्यांना पुरविण्याचा उपक्रम चालविला. आदिवासींना त्यातून रोजगार मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु वेल तोडणाऱ्याच्या हाती पडणारा किलोमागचा दर आणि त्याच वेलीची बाटली शिरगावच्या दुकानात ज्या किमतीला मिळते ती किंमत, यांतील अंतर फार मोठे आहे. ते अंतर वेष्टन, जाहिरात आणि नफा यांनी भरलेले असते. रानातला कष्टकरी आणि शहरातला कष्टकरी या साखळीच्या दोन टोकांना उभे आहेत. एकाला श्रमाचे मोल पुरते मिळत नाही, दुसऱ्याला पैसे मोजूनही खरी माहिती मिळत नाही.

कायदा नाही, असे नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मधुमेह, रक्तदाब आदी अनेक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई केलेली आहे. बचनाग, कुचला, बिब्बा, पारा, हिंगूळ अशी विषारी द्रव्ये ज्या आयुर्वेदीय औषधांत आहेत, त्यांच्यावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. पण नियमाने ती इंग्रजीत आणि हिंदीत मागितली आहे, मराठीत नव्हे. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर, तो औषधी उपयोगासाठी नाही, असे छापण्याचे आणि ज्ञात दुष्परिणाम व इतर औषधांशी येणारा संबंध सांगण्याचे बंधन २०१६ च्या विनियमांनी घातले आहे. ही अक्षरे किती बारीक असतात, हे चाळिशी उलटलेल्या कोणत्याही माणसाला विचारावे. शिवाय आयुर्वेदीय औषध विकण्यासाठी औषधविक्रीचा परवाना लागत नाही. त्यामुळे विक्रेत्याकडे औषधाचे ज्ञान असण्याची अटच उरत नाही.

जाहिरातींवरील पूर्वपरवानगीचा नियम क्रमांक १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयानेच राज्यांना त्याखाली कारवाई करू नये, असे कळविले. जुलै २०२४ मध्ये तो नियम वगळण्यात आला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध भारतीय वैद्यक संघटनेने दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वगळण्यास स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये खटला निकाली निघाला आणि स्थगितीही उठली. साडेसहा वर्षांत नियम जन्मला, निजविला गेला आणि संपला. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मात्र जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या मालाला धातूंची तपासणी सक्तीची करण्यात आली. पहिली सक्ती परदेशी ग्राहकासाठी झाली. बदलापूरच्या ग्राहकाचे यकृत आणि मूत्रपिंड बोस्टनच्या ग्राहकापेक्षा अधिक चिवट असते, असा काही शास्त्रीय शोध लागलेला नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. ॲलोपथीच्या औषधांना दुष्परिणाम नाहीत काय, हा पहिला. आहेत, आणि पुष्कळ आहेत. म्हणूनच १९७५ च्या हाथी समितीच्या अहवालापासून औषध कंपन्यांच्या नफेखोरीविरुद्ध समाजवादी चळवळीने आवाज उठविला, आणि ऐंशीच्या दशकात लोकविज्ञान संघटनेसारख्या संघटनांनी अपायकारक व अनावश्यक औषधांविरुद्ध महाराष्ट्रात लोकशिक्षण केले. तोच मापदंड आता वनौषधींच्या कारखानदारांना लावावयाचा आहे. बहुराष्ट्रीय कंपनीला एक न्याय आणि भगव्या वेष्टनातील कंपनीला दुसरा, हे समाजवादी माणसाला मान्य होण्याजोगे नाही.

दुसरा आक्षेप आयुर्वेदाच्या अभिमानाचा आहे. पण खरा वैद्य नाडी पाहतो, प्रकृती विचारतो, मात्रा, अनुपान आणि पथ्य ठरवितो, आणि दुसरे काही चालू आहे काय याची चौकशी करतो. बाटली यातले काहीच करीत नाही. रुग्णाला न पाहता सर्वांना एकच गोळी विकणे ही आयुर्वेदाची परंपरा नसून बाजाराची रीत आहे.

मागण्या यावरून स्पष्ट होतात. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वनौषधी उत्पादनावर, कोणी ती घेऊ नये आणि कोणत्या औषधांबरोबर घेऊ नये, हे ठळक मराठीत छापले गेले पाहिजे. जड धातूंच्या आणि भेसळीच्या तपासणीचे निकाल राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने नियमितपणे प्रसिद्ध केले पाहिजेत. सांधेदुखी आणि दम्यावरच्या चूर्णांत गुपचूप स्टिरॉइड मिसळले जाते, हे अनेकदा उघडकीस आलेले आहे. त्या तपासणीला प्राधान्य हवे. जाहिरातींची पूर्वपरवानगी परत आणली पाहिजे. सरकारी रुग्णालयांत आणि कामगार विमा दवाखान्यांत प्रत्येक रुग्णाला ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर केसपेपरवर नोंदविले गेले पाहिजे. आणि हा प्रश्न विचारण्याइतका वेळ डॉक्टरला मिळावा, यासाठी रिकामी पदे भरली गेली पाहिजेत. कारण बाटलीचा हा धंदा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने मोकळ्या सोडलेल्या जागेवरच उभा आहे.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर शाखांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. शिरगावसारख्या वस्तीत कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन चार गोष्टी सांगाव्यात. डॉक्टरकडे जाताना घरातील सर्व बाटल्या, चूर्णे आणि पुड्या पिशवीत घालून न्याव्यात, आणि संकोच न बाळगता दाखवाव्यात. चालू असलेली साखरेची, रक्तदाबाची, फेफऱ्याची किंवा क्षयाची गोळी कोणाच्याही शब्दावरून परस्पर बंद करू नये. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि शस्त्रक्रिया ठरलेली माणसे यांनी विचारल्याशिवाय कोणताही अर्क घेऊ नये. नवे औषध सुरू केल्यावर डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगावर चट्टे उठले किंवा रक्त जाऊ लागले, तर ते थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा घटनेची नोंद औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर करता येते. नोंदी झाल्या तरच उद्या कायद्यासाठी पुरावा उभा राहील.

हे सांगताना कोणाच्या श्रद्धेची टिंगल करू नये. ज्या माणसाने खाडा टाळण्यासाठी बाटली विकत घेतली, तो अडाणी नाही. त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवलेला नाही. तो मार्ग मिळवून देणे हे राजकीय काम आहे. पगारवाढीच्या, पाण्याच्या आणि रेल्वेच्या लढ्याइतकेच ते पक्षाच्या कार्यक्रमात बसते. कष्टकऱ्याजवळ विकण्याजोगे शेवटी त्याचे श्रम असतात, आणि श्रम शरीराने होतात. त्या शरीरात काय जाते हे जाणण्याचा त्याला हक्क आहे, आणि तो हक्क त्याला वाचता येईल अशा भाषेत आणि अशा अक्षरांत मिळाला पाहिजे.